पुस्तक दोघांसाठी घ्यायचं असतं

पत्र : ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. मी बँकेत आहे. सकाळी पावणेआठची लोकल पकडते, घरी यायला साडेसात होतात. मुलगी सव्वातीन वर्षांची आहे, दिवसभर ती माझ्या सासूबाईंकडे असते. त्या मूळच्या कुडाळच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या, घरात मालवणीच बोलतात. मुलीला वाचनाची गोडी लागावी म्हणून मी ऑनलाइन वीस इंग्रजी पुस्तकांचा संच मागवला. त्यातलं एकही ती धड ऐकत नाही, दोन पानं झाली की उठते. रोज रात्री एका कुत्र्याच्या पिल्लाचं मराठी पुस्तक घेऊन येते. ते तिला मावशीनं दिलं होतं. आता पार फाटलंय आणि मला तोंडपाठ झालंय. मिस्टरांचं म्हणणं, पुढच्या वर्षी शाळेत घालायचीय, अक्षरं-आकडे शिकवणारी पुस्तकं आण, गोष्टी काय आजी सांगतेच. सासूबाईंच्या हातात पुस्तक दिलं तर म्हणतात, ‘माका वाचूक येणा नाय, तूच वाच.’ मराठी, मालवणी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत तिचा गोंधळ उडेल का, हीही धास्ती आहे. कोणती पुस्तकं घेऊ? यादी दिलीत तर बरं होईल. – एक आई, डोंबिवली

उत्तर :

तुमच्या पत्रातली सगळ्यात आनंदाची गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. सव्वातीन वर्षांची मुलगी रोज रात्री स्वतःहून एक पुस्तक घेऊन येते, ते फाटेपर्यंत ऐकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आणते! यादीकडे वळण्याआधी मला या फाटक्या पुस्तकाबद्दल बोलायचंय, कारण पुढची पुस्तकं कशी शोधायची हे तेच सांगतंय.

एवढ्याशा मुलांना दिवसभरात पुढे काय होणार ते फारसं ठाऊक नसतं. आई कधी निघाली, कधी येणार, आज कोण पाहुणे आले, बाबा कशावरून चिडले, सगळं त्यांच्यापुढे अचानक येऊन उभं राहतं. त्या पिल्लाच्या गोष्टीत मात्र पान उलटल्यावर काय होणार हे तिला पक्कं माहीत असतं आणि रोज तसंच होतं. यात मोठा आधार असतो. शिवाय आपल्याला वाटतं तेच ते चाललंय, पण तिचं काम दरवेळी थोडं निराळं असतं. आधी ती गोष्ट ऐकते. गोष्ट कळली की शब्द ऐकायला लागते. शब्द ओळखीचे झाले की चित्राचे कोपरे धुंडाळते.

आज रात्री करून बघा. तिच्या आवडत्या वाक्यातला शेवटचा शब्द गाळा आणि थांबा. तो ती भरेल. मग एका ठिकाणी ‘पिल्लू’ ऐवजी ‘मांजर’ म्हणा. ती तुमची चूक सुधारल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही. काही मुलं पाठ झालेल्या ओळीखालून बोट फिरवत ‘वाचतात’. घरचे म्हणतात, वाचतोय कुठे, पाठ आहे त्याला. पण कागदावरच्या काळ्या खुणांचा आणि तोंडातल्या शब्दांचा काहीतरी संबंध आहे, त्या डावीकडून उजवीकडे जातात, पुस्तकाला सुरुवात आणि शेवट असतो, हे सगळं मूल इथेच शिकतं. तेव्हा ते पुस्तक कपाटावर टाकू नका, लपवू नका. त्याच्या जोडीला दुसरं एखादं वाचायचं असेल तर आधी त्या पिल्लाची गोष्ट होऊ द्या, मग नवीन काढा. पोट भरलेल्या मुलाला नवीन पदार्थ चाखायला सांगणं सोपं जातं, तसंच आहे हे.

आता ते वीस पुस्तकांचं खोकं. मी नाशिकला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत गेली सोळा वर्षं दर शनिवारी मुलांसाठी पुस्तकं मांडून बसते. असे संच मी खूप पाहिले आहेत, भेट म्हणून आलेलेही आहेत. बहुतेकांत एका पानावर एक सफरचंद आणि एक शब्द असतो. सफरचंदाचं नाव सांगून झालं की संपलं, तिथे बसून राहायला कारण नाही. गोष्टीची पुस्तकं असली तर ती दूरदेशच्या मुलांसाठी केलेली असतात. आपण एक ओळ इंग्रजीत वाचतो, लगेच मराठीत सांगतो, पुन्हा इंग्रजी, पुन्हा मराठी. प्रत्येक ओळीला गाडी सिग्नलला थांबल्यासारखी थांबते आणि मूल उठून जातं. तुमच्या लेकीचं लक्ष लागत नाही असं नाही, लागावं असं तिला तिथे फार थोडं मिळतंय.

मी इतकी वर्षं आयाबाबांना एकच गोष्ट सांगत आलेय. या वयातलं पुस्तक मुलासाठी घ्यायचं नसतं, दोघांसाठी घ्यायचं असतं. एक वाचणारा आणि एक मांडीवर बसून बघणारा. वाचणाऱ्याच्या तोंडात ते रुळायला हवं, बघणाऱ्याच्या डोळ्यांना त्यात काम हवं आणि दोघांना मधेच थांबून बोलावंसं वाटायला हवं. वयोगट, बक्षिसं, मागच्या पानावरची शिफारस हे सगळं त्यानंतर.

म्हणून पहिली परीक्षा दुकानातच घ्या. पुस्तक उघडा आणि कोणतीही दोन पानं हलक्या आवाजात वाचा. खरोखर ओठ हलवून, मनातल्या मनात नाही. लाज वाटू देऊ नका, दुकानदाराला सवय असते. जीभ अडखळली, वाक्य संपता संपत नाही असं झालं, तर ठेवून द्या. कारण ही दोन पानं तुम्हाला पन्नास वेळा वाचायची आहेत, तीही दिवसभर बँकेत बसून, लोकलमध्ये उभ्यानं येऊन. तुम्हाला न आवडलेलं पुस्तक तुम्ही भराभर उरकता आणि ते मुलाला तुमच्या आवाजावरून लगेच कळतं. तुमच्या कंटाळ्यालाही मान आहे. तो टाळण्याची जागा दुकान आहे, रात्रीचे साडेनऊ नाहीत.

मराठी पुस्तक घेताना तर ही परीक्षा चुकवूच नका. अनुवादित बालपुस्तकांत उत्तम कामही झालंय, पण घाईघाईनं केलेलंही पुष्कळ आहे. ‘मांजरीने तिची शेपटी हलवली’ असं वाचलं की मला प्रश्न पडतो, दुसऱ्या कुणाची हलवणार होती? आपण घरात म्हणतो, ‘मांजरीनं शेपूट हलवलं.’ ‘तो आनंदाने उद्गारला’ असं कोणतीही आजी कधी सांगत नाही, ती म्हणते, ‘तो म्हणाला, अगंबाई, हे काय!’ कवितेचं पुस्तक असेल तर टाळी धरून वाचून बघा. मूळ भाषेत यमक होतं आणि मराठीत नुसता अर्थ उरलाय अशी पुस्तकं ऐकायला फार कोरडी लागतात. बरोबर मराठी म्हणजे पुस्तकी मराठी असंही समजू नका. ‘केलं, गेलं, म्हणाली’ अशा बोलीच्या वळणाचं पुस्तक या वयाला जास्त जवळचं वाटतं. मात्र बोलण्यात सहसा न येणारा एखादा सुंदर शब्द मध्येच आला तर तो गाळू नका, सोपा करू नका. ‘लगबगीनं’, ‘हिरमुसला’, ‘ओंजळ’ हे शब्द मुलांना गोष्टीतूनच मिळतात. मी ‘हिरमुसला’ वाचताना खांदे पाडते, तोंड लहान करते. अर्थ सांगायची वेळ आजवर आली नाही.

चित्रांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मोठी माणसं अक्षरं बघून पुस्तक घेतात आणि मुलं चित्रं वाचतात. चांगल्या चित्रपुस्तकात मजकूर सांगतो त्यापेक्षा चित्र जास्त सांगतं. मजकुरात लिहिलेलं असतं ‘आई बाजारात गेली’ आणि चित्रात भाजीवालीच्या टोपलीमागे एक पोरगं मटार पळवत असतं. मजकुरात जे आहे तेवढंच चित्रात असेल तर ते पुस्तक लवकर संपतं.

आमच्या खोलीत बाजाराच्या चित्राचं असंच एक पुस्तक आहे. कितीतरी मुलांना मी ते वाचून दाखवलंय. एकदा साडेतीन वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती, फारसं न बोलणारी. मी पान वाचलं आणि उलटायला बोट घातलं, तर तिनं हात ठेवला. मी थांबले. काही विचारलं नाही. बराच वेळ गेला, मला तो खूप वाटला. मग तिनं चित्राच्या अगदी वरच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. तिथे एका खिडकीत नखाएवढा मुलगा गज धरून उभा होता. ती म्हणाली, ‘ह्याची आई आली नाही अजून.’ इतकी वर्षं ते पुस्तक माझ्या हातात होतं आणि तो मुलगा मला दिसला नव्हता. त्या दिवशी आम्ही पुढचं पान वाचलंच नाही. खिडकीतल्या मुलाची आई कुठे गेली असेल, येताना काय आणेल, हेच बोलत बसलो. तिची आई तिला न्यायला आली तेव्हा तिनं आधी तिला ते चित्र दाखवलं.

तुमची लेकही दिवसभर आईची वाट बघते, म्हणून हे आठवलं. असं बोलणं निघेल अशी पुस्तकं हवीत.

आणि असं बोलणं निघायचं असेल तर आपण प्रश्न कसे विचारतो हे बघायला हवं. ‘हा कोण? रंग कोणता? किती आहेत मोज’ ही परीक्षा झाली. क्वचित चालते, सारखी झाली की मूल पुस्तक मिटतं. ‘आता काय होईल गं?’, ‘हा असा का बसलाय?’, ‘तुझं झालंय का कधी असं?’ हे प्रश्न विचारा आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजा. लहान मुलांना शब्द गोळा करायला वेळ लागतो. ती ‘भू भू पळाला’ म्हणाली, तर तुम्ही म्हणा, ‘हो, पिल्लू घाबरून पलंगाखाली पळालं.’ तिचंच वाक्य जरा मोठं करून परत द्यायचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना हीच रीत शिकवली होती. १९८८ मध्ये त्यांनी ते काम प्रसिद्ध केलं. दोन्ही गटांतले पालक मुलांना पुस्तकं वाचून दाखवतच होते. एका गटाला फक्त असं थांबायला, विचारायला आणि वाढवून बोलायला शिकवलं. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं दुसऱ्या गटाच्या पुढे गेलं. पुस्तकं किती वाचली यापेक्षा पुस्तकाभोवती किती बोललं गेलं याला वजन आहे, हे मला माझ्या खोलीतही रोज दिसतं.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. शेवटचं पान. ‘म्हणून मुलांनो, आईवडिलांचं नेहमी ऐकावं’ असं तात्पर्य तिथे छापलेलं असेल तर माझं मन त्या पुस्तकावरून उडतं. पिल्लू हरवलं, घाबरलं आणि परत आईच्या कुशीत आलं, तर मुलाला जे कळायचं ते कळलेलं असतं. त्यावर उपदेशाची ओळ चिकटवली की गोष्ट निबंधासारखी होते. बाकीचं पुस्तक चांगलं असेल तर घ्या, पण ती ओळ वाचू नका, तिला अजून वाचता येत नाही.

उलट भीतीच्या गोष्टींना घाबरू नका. लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीला वाघ खायला उठतो आणि ती भोपळ्यात बसून परतते, ती गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दोन-तीन वर्षांच्या मुलांनाच सांगतात. वाघ आहे म्हणून तर म्हातारीच्या युक्तीला मजा येते. मांडी सुरक्षित असली की गोष्टीतला वाघ चालतो. तुमच्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत वाचा, ती अंग चोरून बसली तर त्या रात्री तिथेच थांबा.

मिस्टरांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही, त्यांना मुलीची काळजी आहे. पण मुळाक्षरांचं पुस्तक हे वाचून दाखवायचं पुस्तक नव्हे, तो तक्ता आहे. घ्यायचा असेल तर एक घ्या आणि भिंतीवर लावा. त्या तक्त्याला स्वतःच्या अडचणी आहेत. ण नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही, म्हणून तिथे ‘ण बाणाचा’ येतो आणि मुलाला कळत नाही की बाणातलं कुठलं अक्षर बघायचं. ‘च चमच्याचा’ असं शिकवलं तर चहातल्या च चं काय करायचं? दोन्ही लिहायला सारखे, बोलायला वेगळे. हा फरक कागदावर कुठेच नाही, तो कानात असतो. मूल भरपूर मराठी ऐकत आलेलं असेल तरच पुढे वाचताना चमचा बरोबर म्हणतं. म्हणजे अक्षरओळखीची तयारीसुद्धा त्या पिल्लाच्या गोष्टीतच चाललेली आहे, हे मिस्टरांना सांगा.

अक्षरं येतात ती बहुतेकदा स्वतःच्या नावातून. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलानं पहिलं अक्षर ओळखलं ते किराणा दुकानाच्या पाटीवर. त्याच्या नावातला ‘मा’ तिथे होता, तर भररस्त्यात ओरडला, ‘ह्यांनी माझा मा घेतलाय!’ तुमच्या लेकीच्या पुस्तकांवर आतल्या पानावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा. तिच्यासमोर लिहा. स्टेशनवर गेलात की डोंबिवलीची पाटी दाखवा. तेवढं सध्या पुरे.

आणि मिस्टरांना एक काम द्या. रविवारी त्यांनी एक पुस्तक वाचायचं, पण त्यांच्या आवडीचं. रेल्वे, विमानं, मासे, किडे, काय त्यांना आवडत असेल ते. माहितीची पुस्तकं मुलींनाही तितकीच आवडतात, आणि या वयाच्या पुस्तकांत आपण माहितीला फार कमी जागा देतो. बाबा डिझेल इंजिनाबद्दल मनापासून बोलत असेल तर मूल अर्धा तास हलत नाही. मी हे पाहिलंय.

आता सासूबाई. मला तर वाटतं तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं ग्रंथालय त्याच आहेत. त्यांना वाचायला दिलंत म्हणून त्या नाही म्हणाल्या. त्यांना वाचायला सांगू नका. शब्द नसलेली किंवा पानावर एखादीच ओळ असलेली चित्रपुस्तकं आणा आणि त्यांच्या हाती द्या. म्हणा, ‘आई, ह्यात अक्षरंच नाहीत, गोष्ट तुम्हीच करायची.’ चित्रातला कुत्रा मग ‘कुत्रो’ होईल, तो खंय गेलो, काय खाल्ल्यान, शेजारच्यांच्या कोंबड्यांमागे कसो धावलो, हे सगळं येईल. त्या पानावर कुडाळचं अंगण उभं राहील. तुमच्या खोक्यातली इंग्रजी पुस्तकंही त्यांच्याकडे द्या. शब्द झाकून चित्रांवरून मालवणीत गोष्ट होऊ दे. तुमच्या पैशांचं चीज तिथे होईल. लेकीनं उद्या तुम्हाला सांगितलं की आजीनं या पुस्तकात वेगळंच वाचलं, तर तिला म्हणा, ‘मग मलाही सांग ना.’ ती तुम्हाला वाचून दाखवेल.

तीन भाषांच्या गोंधळाची भीती मनातून काढा. आपल्या देशात मुलं पूर्वापार घरात एक, अंगणात दुसरी, शाळेत तिसरी भाषा बोलत आली आहेत. सुरुवातीला ती एका वाक्यात दोन भाषा मिसळतील, तो बिघाड नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाच्या शाळेनं सांगितलं होतं की घरीही इंग्रजीच बोला, मराठी गोष्टी बंद करा. आईनं वर्षभर ते पाळलं. तिला स्वतःला इंग्रजीत लाड करता येत नव्हते, रागवता येत नव्हतं. घर मुकं झालं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. जी भाषा तुम्हाला न शोधता सुचते तिच्यात मुलाशी बोलायचं. त्या भाषेत मूल गोष्ट कशी असते, कारण काय, परिणाम काय, हे शिकतं आणि ते घेऊन दुसऱ्या भाषेत जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच माध्यम असावं, असं म्हटलंय. इंग्रजी पुस्तकं जरूर वाचा, पण एका बैठकीला एकच भाषा धरा आणि ओळीओळीला भाषांतर करू नका. एखादं छोटं, ठेक्याचं इंग्रजी पुस्तक तसंच्या तसं म्हणा, तिला नाद आवडेल.

यादी मागितली होती तुम्ही. नावांची लांब यादी देत नाही, कारण त्यातलं कोणतं तुमच्या जिभेवर बसेल हे मला इथून कळणार नाही. कुठे शोधायचं ते सांगते. मराठीत सुरुवात करायची तर माधुरी पुरंदरे यांची लहान मुलांची पुस्तकं हातात घेऊन बघा. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात, त्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांत गुंफलेले असतात, आणि घरं, माणसं, बोलणं सगळं आपल्या ओळखीचं. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाकडे त्यांची आणि इतरांचीही चांगली चित्रपुस्तकं आहेत. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ पासूनची सरकारी संस्था. तिच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली मराठी पुस्तकं खिशाला परवडतात, ग्रंथप्रदर्शनात त्यांच्या स्टॉलवर थोडा वेळ काढा. चेन्नईचं तुलिका प्रकाशन अनेक भारतीय भाषांत पुस्तकं काढतं, त्यात मराठीही आहे. बंगळुरूच्या प्रथम बुक्सची पुस्तकं मिळतात, शिवाय २०१५ पासून त्यांच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात. तिथे पातळ्या केलेल्या आहेत, तुमच्या लेकीसाठी पहिल्या पातळीपासून सुरू करा. त्या उतरवून छापायला परवानगी आहे. मी रंगीत छपाई करून, मध्ये सुईदोऱ्यानं दोन टाके घालून पुस्तकं बनवते. अनुवाद कमीअधिक असतात, तेव्हा मोठ्यानं वाचायची परीक्षा तिथेही घ्याच. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, मला फार प्रिय आहे, पण ते अजून चार-पाच वर्षांनी.

शब्द किती? सव्वातिनाव्या वर्षी पानावर दोन-तीन वाक्यं बस झाली. आकार असा हवा की मांडीवर उघडल्यावर दोघांना दिसेल. तळहाताएवढी गोंडस पुस्तकं मुलाला एकट्याला खेळायला बरी, सोबत वाचायला नाहीत. पिना बाहेर आलेल्या नाहीत ना, ते बोट फिरवून बघा. घरात एका वेळी दहा-बारा पुस्तकं पुरेत, तीही तिच्या हाताला लागतील अशी, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा. बाकीची आत ठेवून महिन्यानं अदलाबदल करा. आणि सगळी विकत घेऊ नका. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत. जवळच्या वाचनालयात बालविभाग आहे का विचारा, नसेल तर ‘का नाही?’ हेही विचारा. तिथे पुस्तक तिलाच निवडू द्या. ती वाईट पुस्तक निवडेल, चमचमीत मुखपृष्ठाचं. आणू द्या. एक तिचं, एक तुमचं.

वेळेचं म्हणाल तर, तुम्ही साडेसातला येता, त्यात स्वयंपाक, जेवणं. रोज अर्धा तास वाचा असं मी सांगणार नाही. दहा मिनिटं, एक किंवा दोन पुस्तकं, फोन दुसऱ्या खोलीत. ती मधूनच पानं उलटेल, शेवटून सुरू करेल, एकाच चित्रावर अडेल. जाऊ द्या तिच्या मागे. गोष्ट पुरी झालीच पाहिजे असं काही नाही. एखाद्या रात्री तुमचाच डोळा लागत असेल तर दिवा मालवून पिल्लाची गोष्ट तोंडानं सांगा. तुम्हाला पाठ आहेच.

राहिलं ते फाटलेलं पुस्तक. पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, ती वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, चिकट होते आणि पान ओढून आणखी फाडते. दोन चमचे मैदा अर्ध्या वाटीभर पाण्यात गुठळी न राहू देता कालवा, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा, थंड होऊ द्या. ही खळ. पतंगाचा पांढरा पातळ कागद मिळाला तर उत्तम. लेकीला शेजारी घ्या, ब्रश तिच्या हातात द्या. फाटलेल्या कडा एकमेकींना जुळवा, पिल्लाचे कान नीट कानाला लागले का ते तिला बघू द्या, ते तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळेल. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी खळ लावून फाटलेल्या जागी बसवा, जास्तीची खळ फडक्यानं टिपा, खाली-वर दुधाच्या पिशवीचा धुतलेला प्लास्टिक कागद ठेवून पुस्तक मिटा आणि वर गव्हाचा डबा ठेवा. रात्रभर हलवू नका. त्या रात्री ती विचारणार, पिल्लू कुठे गेलं. डब्याखाली झोपलंय म्हणून सांगा, आणि सकाळी लोकलला निघण्याआधी दोन मिनिटं काढून डबा तिच्यासोबतच उचला.